मी टाइप केलेला माफीनामा

"कॉम्प्युटर खोटं बोलत नाही." हे वाक्य माझ्यासमोर कोणी म्हटलं की आजही माझी सटकते. मागच्याच महिन्यात दुर्गला बँकेत काउंटरवरची बाई म्हणाली, "मॅडम, सिस्टम में तो यही दिखा रहा है." मी तिला एवढं झापलं की रांगेतले एक आजोबा म्हणाले, "जाने दो बेटी, बीपी बढ़ जाएगा." वाढू दे मेला. सिस्टममध्ये जे दिसतं ते कुणीतरी लिहिलेलं असतं, आणि लिहिणारी बाई किती गाढव असू शकते हे मला चांगलं ठाऊक आहे. ती बाई मीच होते.

छत्तीसगड राज्य नवीन नवीन झालं होतं तेव्हाची गोष्ट. आम्ही तीन पिढ्यांचे दुर्गचे. घरात मराठी, उंबऱ्याबाहेर पाय टाकला की हिंदी. कॉम्प्युटरचा डिप्लोमा करून मी भिलाईत रुआबांध्याला एका खाजगी लॅबच्या ऑफिसात लागले. लॅब म्हणजे रक्ताची नव्हे, दगडाची. चुनखडीचे नमुने यायचे, त्यात चुना किती आणि वाळू किती ते तपासायचं आणि गिऱ्हाइकाला रिपोर्ट द्यायचा. तपासणी व्हायची नंदिनी नगरच्या पुढे दोन खोल्यांच्या लॅबमध्ये, आणि रिपोर्ट छापायचा आमच्या ऑफिसात. मध्ये तासाभराचा रस्ता होता.

दोन्हीकडे एकेक जुनाट कॉम्प्युटर. काळा पडदा, हिरवी अक्षरं. गावात सगळीकडे रंगीत पडदे आणि माऊस आले होते, पण आमचे मालक जुन्यालाच धरून बसलेले. रायपूरच्या जुन्या मराठी घरातला माणूस, पण तोंडात सदा एकच हिंदी मंत्र: "चल रहा है ना? फिर?" दुपारी दोन वाजता, सकाळची पाळी सुटायच्या वेळी, लॅबमधून त्या दिवसाचे चाळीस आकडे फोनच्या तारेवरून आमच्याकडे यायचे. दोन्हीकडे मोडेमचे डबे होते. आधी ते एकमेकांवर किंचाळायचे, मग फाइल यायला लागायची.

फाइल पाठवायचा प्रोग्राम नागपूरच्या कुण्या माणसाने फार पूर्वी लिहून दिला होता. तो परदेशात निघून गेला आणि मागे एक फ्लॉपी ठेवून गेला, तिच्यात मूळ प्रोग्राम. त्यातले ढेकूण, म्हणजे चुका, काढायला मला घेतलं होतं. ढेकूण हा माझ्या आईचा शब्द. "आज किती सापडले?" असं ती रोज विचारायची, आणि बाप्पा, रोज सापडायचे.

प्रोग्रामचं काम समजायला अगदी सोपं होतं. फाइलचे तुकडे करायचे. एका तुकड्यात चार नमुन्यांचे आकडे, वर तुकड्याचा नंबर. तिकडून एक तुकडा आला की इकडून म्हणायचं, "मिळालं." "मिळालं" ऐकू आलं की तिकडून पुढचा तुकडा. नाही ऐकू आलं, तर तोच तुकडा पुन्हा पाठवायचा. लाइन खराब असली की दोन मिनिटांचं काम दहा मिनिटं चालायचं.

मी लागले तेव्हा या प्रोग्रामची एक खोड होती. महिनाअखेरीला पूर्ण महिन्याची फाइल एकदम पाठवायची असे, आणि ती नेमकी शेवटाला येऊन अडकून पडायची. मी चार दिवस डोकं लावलं. तुकड्यांचे नंबर दोनशे पंचावन्नच्या पुढे मोजताच येत नव्हते. त्यानंतर पुन्हा शून्य यायचं, आणि आपल्या इकडचा प्रोग्राम गोंधळायचा की हा तर जुनाच तुकडा, कशाला घेऊ? नंबर तपासणाऱ्या पाच ओळी होत्या. त्या नीट करायच्या तर विचार करावा लागला असता. मी विचार केला नाही. मी त्या पाचही ओळी बंद करून टाकल्या. येईल तो तुकडा घे आणि लिही, बात खतम. महिन्याची फाइल सरळ आली. मालकांनी समोसे मागवले. मी दोन खाल्ले आणि घरी जाऊन आईला सांगितलं, सगळ्यात मोठा ढेकूण मारला.

लॅबमध्ये तपासणारे दोघे. एक आठवडा सकाळच्या पाळीत एक, दुसऱ्या आठवड्यात दुसरा. त्यातले एक काका. वीस वर्षांच्या वर तेच काम करणारे, मूळचे भंडाऱ्याकडच्या शेतकरी घरातले. काचेच्या नळीतून थेंब थेंब सोडायचे, रंग पलटला की आकडा वाचायचे. ॲसिडने बोटं पिवळी पडलेली. ते मुलाकडे चरोद्याला राहायचे, मुलगा रेल्वेत होता. दोन वीसची बस, मग लोकल, असं करत घरी पोचायचे. दुसरा तपासणारा नंदिनी नगरातच राहायचा, पाळी सुटली की पायी घरी.

समोशांनंतर दोनेक महिन्यांनी मालकांनी काकांना ऑफिसात बोलावलं. एका गिऱ्हाइकाने रिपोर्ट परत पाठवला होता, लाल पेनाने गोल करून. तेरा ते सोळा नंबरच्या नमुन्यांचे जे आकडे, तेच सतरा ते वीसचे. अगदी दशांशापर्यंत. मालकांनी मागचे रिपोर्ट काढले तर असे आणखी दहा निघाले.

"काका, नमुने न पाहताच रीडिंग भरता काय? वरचं खाली उतरवलं की झालं?"

"नाई सर. असं होऊच शकत नाई. एकेक नमुना हातानं केला हाय मी."

"मग हे तुमच्याच आठवड्यात होते. दुसऱ्याच्या आठवड्यात एकदा बी नाही. कावून?"

काकांनी तो लाल गोलवाला कागद उचलून जवळून पाहिला. आणि खरं सांगते, पुरावा होता तो. सगळे अकराच्या अकरा रिपोर्ट काकांच्याच पाळीतले. मालक माझ्याकडे वळले. "तू बता. कॉम्प्युटर अपने मन से आँकड़े लिख सकता है क्या?"

मी म्हटलं, "नाही सर."

दोनच शब्द. काकांनी माझ्याकडे पाहिलं. मी त्यांची नजर चुकवली, कारण मलाही वाटलं होतं की म्हाताऱ्याने आळस केला. मग मालकांनी मला हिंदी टाइपरायटरवर बसवलं आणि मजकूर सांगितला. तो मला आजही तोंडपाठ आहे. "मैं लिखित देता हूँ कि मैंने नमूनों की जाँच किए बिना पिछले आँकड़े दोबारा भर दिए। यह मेरी बेईमानी है। आगे ऐसा होने पर मुझे काम से निकाला जाए।"

काकांनी कागद दोनदा वाचला. मग मला विचारलं, मालकांना नाही. "बाई, याच्यात बेईमानी लिवलं हाय. हे तं खोटं हाय."

"काका, सर सांगतात ते मी टाइप करते."

शाब्बास! काय उत्तर दिलं मी! आजही ते आठवलं की स्वतःच्या दोन थोबाडीत माराव्याशा वाटतात. मालक म्हणाले, गिऱ्हाइकाला दाखवायपुरता कागद आहे, ड्रॉवरमध्ये पडून राहील, सही केली नाही तर आजच हिशोब करून जा. काकांच्या रिटायरमेंटला दोन वर्षं होती. त्यांनी सही केली. जाताना माझ्या टेबलावर एक शंभर पानी वही ठेवली. कॉम्प्युटर आल्यापासून लॅबमधली वही मालकांनी बंद केली होती, पण काका आपल्यापुरती लिहीत असत.

"मालक म्हणतेत का हे घरी बसून लिवलं. तू शिकलेली हायेस. एक डाव पाहून घे."

मी वही ड्रॉवरमध्ये टाकली आणि पुढचे आठ-दहा दिवस तिकडे फिरकलेसुद्धा नाही.

मग काकांचा आठवडा आला. सोमवारचा रिपोर्ट स्वच्छ, मंगळवारचाही. बुधवारी फाइल आली, मी रिपोर्ट छापला आणि आकडे वाचले. नऊ ते बारा, आणि पुन्हा तेच आकडे तेरा ते सोळा. हा कागद मालकांच्या टेबलावर गेला की काका घरी. मला आधी राग आला तो काकांचाच. माफीनामा लिहून दिल्यावर पुन्हा? एवढा निगरगट्ट माणूस? मग डोक्यात आलं की इतका मूर्ख माणूस जगात नसतो. डोक्यावर तलवार लटकत असताना कोणी नेमकी तीच चूक, तितक्याच चार आकड्यांची करेल कशाला? आणि दरवेळी चारच का? तीन नाही, पाच नाही?

मालकांना सांगितलं की प्रिंटरची रिबन संपली, रिपोर्ट उद्या देते. जेवणाचा डबा तसाच ठेवला आणि वही उघडली. आत पेन्सिलीने तारीख, नमुना, आकडा, बारीक नेटकं अक्षर. मी लाल गोलवाला रिपोर्ट बाजूला ठेवला. सोळापर्यंत वही आणि रिपोर्ट तंतोतंत जुळत होते. मग रिपोर्टमधला सतरा ते वीस म्हणजे तेच जुने चार. आणि रिपोर्टमधला एकविसावा म्हणजे वहीतला सतरावा. बाविसावा म्हणजे अठरावा. तिथून शेवटपर्यंत सगळे चार-चार घरं खाली सरकलेले. रिपोर्टच्या फॉर्मात ओळी चाळीसच, म्हणून वहीतले शेवटचे चार नमुने कुठेच नव्हते, बाहेर पडले होते. नमुन्यांना नंबर आपल्या इकडेच पडायचे, आले तसे, म्हणून कुणाच्या लक्षात आलं नव्हतं.

चार नमुने म्हणजे एक तुकडा. तोच तुकडा दोनदा आला होता. आणि दोनदा आलेला तुकडा ओळखून फेकून द्यायचं काम ज्या पाच ओळी करत होत्या, त्या मी बंद केल्या होत्या. समोसे खाऊन.

मी बसल्या जागी रडले, आणि ते रडणं दुःखाचं नव्हतं, संतापाचं होतं. मालकाचा संताप, त्या नागपूरवाल्याचा संताप, आणि सगळ्यात जास्त माझा. ज्या बाईने घाण केली तिनेच दुसऱ्याच्या नावाने 'बेईमानी' टाइप केलं. चोर सोडून संन्याशाला सुळी म्हणतात ना, इथे तर चोरानेच सुळीचा कागद लिहिला होता.

पण एक गोष्ट अजून उलगडली नव्हती. काकांच्याच आठवड्यात का? दुसऱ्या दिवशी मोडेम पाहायचा बहाणा करून मी बसने लॅबमध्ये गेले. आधी तिथल्या कॉम्प्युटरमधली बुधवारची फाइल उघडली. चाळीस आकडे, एकही दोनदा नाही. हातच्या कांकणाला आरसा कशाला? मग मी दोन वाजायची वाट पाहिली.

दोन वाजता काकांनी फाइल पाठवायला लावली. मोडेम किंचाळला. काकांनी हात धुतले, न्याहारीचा डबा पिशवीत टाकला आणि बाहेरच्या खोलीत जाऊन तिथला फोन उचलून कानाला लावला. एकच लाइन होती, दोन्ही खोल्यांत तीच. क्षणभर ऐकलं आणि ठेवून दिला. दोन मिनिटांनी पुन्हा उचलला, पुन्हा ठेवला.

"काका, हे काय करून राहिले?"

"पाहून राहिलो फाइल गेली का. कर्रकर्र आवाज येते म्हंजे जाऊन राहिली. आवाज बंद झाला का लाइन मोकळी. मंग घरी एक घंटी देतो अन् निंगतो."

"घंटी?"

"शेजारच्यायच्या घरी फोन हाय. एक घंटी देऊन ठेवून देतो. शेजारीन भितीवरून आवाज देते, वहिनी, घंटी झाली! म्हंजे मी निंगालो, भात टाक, संगं जेवू. घंटी नाई झाली म्हंजे मले दुसऱ्या पाळीतही थांबवलं, तू जेवून घे."

तेव्हा कुठे सगळं समजलं. काका फोन उचलत, तारेत खरखर होई, आणि त्या खरखरीत आपल्या इकडचं "मिळालं" हरवून जाई. मग लॅबचा कॉम्प्युटर तोच तुकडा पुन्हा पाठवी, आणि माझा शहाणा प्रोग्राम तो मुकाट्याने दुसऱ्यांदा लिहून ठेवी. नंदिनी नगरात राहणारा दुसरा तपासणारा पायी घरी जायचा, त्याला घंटीची गरजच नव्हती. म्हणून त्याचे सगळे आठवडे स्वच्छ होते.

आणि कुणाला वाटेल की मग चूक फोन उचलण्याची, तर त्याचं डोकं तपासायला हवं. फोन हा उचलायसाठीच असतो. लाइनवर खरखर होणार, "मिळालं" हरवणार, हे धरूनच तर तुकड्यांना नंबर दिलेले होते. तो नागपूरवाला दूर जाऊन बसला असेल, पण त्याने एवढं तरी केलं होतं. मी मात्र ते मोडून ठेवलं.

मी काकांना तिथेच सगळं सांगितलं. तुकडे, नंबर, माझ्या पाच ओळी. शेवटी म्हटलं, "काका, तुमची काहीच चूक नाही. माझी आहे." मला वाटलं ते चिडतील, किंवा सुटकेचा श्वास टाकतील. ते खुर्चीत बसले आणि त्यांनी विचारलं,

"म्हंजे त्या शेवटच्या चार-चार नमुन्यायचं रीडिंग कोनालेच गेलं नाई?"

"नाही."

"अन् मधातले सगळे दुसऱ्याच नंबरवर गेले?"

"हो."

"लय खराब काम झालं बाई. लोकायनं त्याच्यावर माल घेतला असन. ते आधी नीट कर."

बेईमान म्हणून सही घेतलेल्या माणसाला पहिली काळजी कशाची, तर चुकीच्या आकड्यावर माल गेला असेल याची. मला मान वर करवेना. त्या दिवशी काकांची दोन वीसची बस माझ्यामुळे चुकली.

ऑफिसात येऊन मी त्या पाच ओळी नीट लिहिल्या. नुकताच आलेला तुकडा पुन्हा आला तर लिहू नको, नुसतं "मिळालं" म्हण, आणि दोनशे पंचावन्ननंतर शून्य आलं तर घाबरू नको. अर्धा तास लागला. अर्धा तास! जो मी समोशांच्या आधी द्यायला हवा होता. मग मालकांसमोर सगळं मांडलं. वही, लॅबची फाइल, आपली फाइल, काय कुठे सरकलं, सगळं. त्यांनी नीट ऐकून घेतलं आणि मला आशा वाटली.

"मतलब फोन काकानेच उचलला ना?"

"सर, फोन उचलला तरी काही बिघडायला नको होतं. चूक प्रोग्रामची आहे. माझी आहे."

"तू दुरुस्त केलं ना? मग झालं."

"आणि तो माफीनामा? तो फाडून टाका सर. गिऱ्हाइकाला सांगा की काकांचा दोष नव्हता."

मालक हसले. "बेटा, तुले धंदा नाही समजत. माणूस चुकला म्हटलं की गिऱ्हाईक म्हणते, जाऊ द्या, म्हातारा आहे. कॉम्प्युटर चुकला म्हटलं की तो सगळे जुने रिपोर्ट मागेल. कागद राहू दे जिथे आहे तिथे."

माझ्या तळपायाची आग मस्तकात गेली. म्हणजे खरं काय ते कळलंय, आणि कळूनही एका माणसाच्या नावाला लावलेलं काळं पुसायचं नाही, कारण ते सोयीचं आहे! वर दुसऱ्या दिवशी त्यांनी काय करावं? लॅबमधल्या बाहेरच्या फोनच्या डायलला कुलूप लावलं. ते छोटं, डायलच्या भोकात बसतं ते. चावी आपल्या खिशात. अरे देवा! डायल बंद केलं तरी फोन उचलता येतच होता, आणि खरखर होत होती ती उचलण्याने. आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. त्या कुलपाने फाइलचं काडीचं भलं झालं नाही. फक्त चरोद्याची घंटी बंद झाली, आणि काकू पुढची दोन वर्षं अंदाजाने जेवल्या.

मी तीन दिवस बसून अकराच्या अकरा रिपोर्ट पुन्हा तयार केले, लॅबच्या फ्लॉपीवरून, काकांच्या वहीशी एकेक आकडा ताडून. बाराव्या, बुधवारच्या रिपोर्टचीही चांगली प्रत काढली. प्रत्येकासोबत एक चिठ्ठी जोडली: आधीचा रिपोर्ट चुकीचा होता, चूक कॉम्प्युटरच्या प्रोग्राममध्ये होती, तो प्रोग्राम मी बदलला होता, तपासणाऱ्याचा यात काही दोष नाही. खाली माझी सही. सगळी पाकिटं स्वतः पोस्टात टाकली आणि मग मालकांना सांगितलं. त्यांनी मला त्याच दिवशी घरी पाठवलं. आईने विचारलं, "आज किती ढेकूण मारले?" मी म्हटलं, "आज मलाच मारलं."

नंतर कळलं की एका गिऱ्हाइकाचा माणूस लॅबमध्ये येऊन काकांची वही पाहून गेला आणि म्हणाला, आमचे नमुने यांच्याच हातचे पाहिजेत. म्हणून काकांची नोकरी टिकली. मालकांनी त्यांना एक शब्द विचारला नाही, सांगितला नाही. कागद मागायला काका दोनदा गेले. एकदा "बघू", एकदा "सापडत नाही".

दोन वर्षांनी काका रिटायर झाले. मी तेव्हा दुसरीकडे कामाला होते, पण त्यांनी खास निरोप धाडला म्हणून गेले. लॅबच्या बाहेरच्या खोलीत कार्यक्रम. पंधरा-वीस माणसं, एक-दोन गिऱ्हाइकंही आलेली. हार, शाल, नारळ. मालकांनी भाषण केलं, की काका म्हणजे इमानदारीचा दुसरा अवतार. इमानदारी! त्याच तोंडाने! मग काकांना बोलायला सांगितलं. काका उभे राहिले, शाल सावरली आणि म्हणाले,

"सर, बाकी काई नको. तो माहा कागद तेवढा वापस द्या."

मालक गोंधळले. "कोणता कागद?"

ते नाटक करत नव्हते. त्यांना खरंच आठवत नव्हतं. ज्या कागदापायी हा माणूस दोन वर्षं नीट झोपला नव्हता, तो कागद त्यांच्या लक्षातसुद्धा नव्हता. माझ्याने बसवेना. मी उभी राहिले आणि म्हटलं, "मी टाइप केलेला." आणि सगळ्यांसमोर तो पहिल्या शब्दापासून म्हणून दाखवला. मैं लिखित देता हूँ पासून काम से निकाला जाए पर्यंत. मग म्हटलं, "यातला एकही शब्द खरा नाही. काकांनी प्रत्येक नमुना तपासला होता. चूक माझ्या प्रोग्रामची होती, आणि हे सरांना दोन वर्षांपासून माहीत आहे." एका गिऱ्हाइकाने मालकांकडे पाहिलं आणि हातातली पेढ्याची प्लेट खाली ठेवली.

"कागद पाहतो मी, शोधतो," मालक म्हणाले.

"राहू द्या," काका म्हणाले. "बाईनं वाचला, सगळ्यायनं आयकला, झालं. चाबी द्या."

"कशाची चावी?"

"फोनची."

मालकांनी खिशातून चाव्यांचा जुडगा काढला आणि शोधून एक चिमुकली चावी दिली. काकांनी डायलचं कुलूप काढलं, फोन उचलून कानाला लावला आणि लगेच खाली ठेवला. आतल्या खोलीत दोनची फाइल चालू होती.

"जाऊन राहिली," ते मला म्हणाले, आणि मग विचारलं, "उचललं तं चालते ना आता?"

"चालते काका. कितीही वेळा उचला."

आम्ही सगळे थांबलो. हार घातलेले काका फोनजवळ, मालक उरलेला जुडगा धरून, माणसं पेढे हातात घेऊन. काकांनी आणखी दोनदा फोन उचलून ऐकला. तिसऱ्यांदा लाइन मोकळी होती. त्यांनी चरोद्याचा नंबर फिरवला, एक घंटी जाऊ दिली आणि फोन ठेवून दिला. मग कुलूप आणि चावी मालकांच्या हातावर ठेवली आणि पिशवी उचलली.

"चाल बाई," ते मला म्हणाले, "तिनं भात टाकला असन."